तुमच्या घरी प्रिंटर आहे का?

लालबागच्या आमच्या चाळीत प्रिंटर पहिल्यांदा आला तो आमच्या खोलीत, आणि तो आला बाबांच्या भीतीपायी.

बाबा गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणायचे माग चालतात तिथे. संप झाला तेव्हा मी दुसरीत होते. संपानंतर त्यांना परत कामावर घेतलं नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी प्रभादेवीच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून काढली. गिरणी बंद पडली, मग पाडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला. आणि मी पस्तिशीला आले असताना बातमी आली की गिरणी कामगारांना घरं मिळणार आहेत. अर्ज भरा आणि गिरणीत काम केल्याचे पुरावे जोडा.

बाबांकडे दोन पुरावे होते. एक गिरणीचा पास, त्यावर त्यांचा विशी-बाविशीतला फोटो आणि तिकीट नंबर, म्हणजे हजेरीचा आकडा. दुसरा नोकरीचा दाखला, गिरणीच्या छापील कागदावर टाइप केलेला, खाली साहेबाची सही. तो कागद इतका पातळ होता की उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसायची. घडीवर तो उसवत चालला होता. दोन्ही कागद आईच्या लग्नातल्या साडीखाली, कपाटाच्या कुलूपबंद खणात असायचे.

मी म्हटलं, "बाबा, खाली झेरॉक्सवाला आहे. दहा मिनिटांत काढून आणते."

"कागद घराभायर जावचो नाय," बाबा म्हणाले. बाबा घरी मालवणीतच बोलत, आणि घाबरले की जास्तच.

त्यांची भीती उगाच नव्हती. आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक काका राहायचे, साताऱ्याकडचे. ते आणि बाबा एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. संपानंतरच्या त्या वाईट दिवसांत एक माणूस चाळीत आला होता. तुमचे कागद द्या, दुसऱ्या गिरणीत चिकटवतो, असं सांगत फिरला. काकांनी त्याला पास दिला, दाखला दिला. तो माणूस परत दिसला नाही. बाबाही देणार होते, पण त्या दिवशी कपाटाची किल्ली आईकडे होती आणि आई मच्छी आणायला गेली होती. तेवढ्यावर आमचे कागद वाचले. तेव्हापासून बाबांनी ते दोन कागद उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नव्हते. मी दादरला एका दवाखान्यात बिलं करायचे, तिथेही कॉपी निघाली असती. पण नाही म्हणजे नाही.

"मग मशीनच घरात आणू का?" मी चिडून म्हटलं.

"आण," बाबा म्हणाले.

म्हणून मी तो आणला. प्रिंट, स्कॅन आणि कॉपी, तिन्ही करणारा. वर काच आणि झाकण, मागे कोरे कागद उभे ठेवायचा ट्रे. आईच्या शिलाई मशीनच्या पाटावर त्याला जागा दिली.

पहिल्या आठवड्यापासूनच त्याने आम्हाला छळलं. लाईट जाऊन आली की तो कोणी हात न लावता आपोआप सुरू व्हायचा, आतून कण्हल्यासारखा घुरघुरायचा आणि मग गप्प बसायचा. आई दचकून देवाचं नाव घ्यायची. दमट हवेने कागद एकमेकांना चिकटायचे, तो दोन-दोन ओढायचा आणि अडकून बसायचा. काळ्या शाईचं काम असलं तरी पिवळी संपली म्हणून अडून राहायचा. चार दिवस वापरला नाही तर शाई सुकायची, आणि मग आडव्या गुलाबी रेघा. एकदा झाकण उघडलं तर आतल्या उबेला झुरळं. नारिंगी दिवा एकदा लुकलुकला तर काय आणि तीनदा लुकलुकला तर काय, हे पुस्तकात बघावं लागायचं, आणि त्या पुस्तकात मराठी सोडून जगातल्या सगळ्या भाषा होत्या.

बाबा त्याला हात लावत नसत. नुसते बघत. मागावर आयुष्य काढलेला माणूस, पण या मशीनचं त्याला भय वाटायचं. मी विचारलं तर म्हणाले, "ह्या काय करता ता भायरसून दिसत नाय." बाहेरून कळत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मागाचं सगळं डोळ्यांसमोर चालायचं.

अर्जाची शेवटची तारीख जवळ आली तशी एका रविवारी सकाळी मी कॉपी काढायला बसले. बाबांनी खण उघडून कागद माझ्या हातात दिले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं, असं मला वाटलं.

मी आधी पास काचेवर ठेवला. दाखला हातात होता. वर पंखा चालू होता, आणि तो पातळ कागद कुठे उडून जाईल या भीतीने मी तो प्रिंटरच्या मागच्या ट्रेला टेकवून ठेवला, कोऱ्या कागदांच्या पुढे. उभा, नीट. मग कॉपीचं बटण दाबलं.

प्रिंटरने दाखला ओढला.

मला आधी कळलंच नाही. गिरणीचं छापील नाव हळूच खाली सरकताना दिसलं, एखादं माणूस पाण्यात बुडत जावं तसं. मग मी लाल बटण दाबत राहिले. तो थांबेना. आतून खरखर आली, मग कुरकुर, मग तीन वेळा नारिंगी दिवा. वर दाखल्याची अर्धी कड दिसत होती. मी ती धरली आणि ओढली.

फाटल्याचा आवाज अगदी बारीक होता. पण मला वाटलं, तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

माझ्या हातात वरचा तुकडा आला. गिरणीचं नाव, तारीख, आणि 'असे प्रमाणित करण्यात येते की' एवढंच. बाबांचं नाव, तिकीट नंबर, सही, सगळं आत.

"झाली?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"होतेय," मी म्हटलं. तुकडा मी गाऊनच्या खिशात घातला. खरंच घातला. पस्तीस वर्षांची बाई, आणि शाळेत पाटी फोडलेल्या मुलीसारखा पुरावा लपवला.

आई भाजी निवडत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भाजी बाजूला ठेवली. उठून दारात गेली आणि बाबांना म्हणाली, "अहो, आत या."

बाबा आत आले. मी तुकडा काढून दाखवला. बाकीचा आत आहे, म्हटलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचा चेहरा एकदम आखडून बारीक झाला. तो चेहरा मी एकदाच बघितला होता, संपाच्या वेळी. तेव्हा चाळीत कोण कामावर जायचा विचार करतोय आणि कोण नाही, यावरून माणसं माणसांकडे संशयाने बघत. एक दिवस दुपारी दार वाजलं. आईने मला हळूच सांगितलं, बाबा घरी नाहीत म्हण. मी दार उघडलं. तीन माणसं होती. मी म्हटलं, बाबा गावाला गेले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग गेली. दार लावून मी वळले तर बाबा मोरीत बसले होते, पाण्याच्या पिंपामागे, गुडघे छातीशी घेऊन. ती माणसं कोण होती, कामावर जा म्हणणारी की जाऊ नको म्हणणारी, ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्या दिवशी बाबांचा चेहरा असाच झाला होता. आणि आता तो मी केला होता.

पुन्हा लाईट गेली-आली किंवा मशीनच्या मनात आलं, तर ते आतला कागद आणखी चावेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते बाबांच्या आलं.

"बटण बंद कर," ते म्हणाले. "पिन भिंतीतसून काढ."

मी काढली.

"मागचा झाकाण निघता?"

मागे एक झाकण होतं. ते निघत असेल हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कडेने नख फिरवलं आणि दाबलं, ते निघालं. आत काळे रबरी रूळ, आणि त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या घड्या पडलेला आमचा दाखला. बाबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तू काढ."

"मी नाही काढणार, बाबा. आणखी फाटेल."

"ओढू नको. ओढलंस तर फाटतला. बाजूक चाक आसा बघ दाते असलेला. ता फिरव. वायच वायच. जसो आत गेलो तसोच भायर येव दे."

बाजूला खरंच एक दातेरी चाक होतं. आईने मोबाइलचा टॉर्च धरला. मी एका बोटाने चाक फिरवायला लागले, एकेक दाता. प्रत्येक दात्याला कट असा आवाज, आणि प्रत्येक आवाजाला मी थांबायचे. बाबा माझ्या खांद्यामागे श्वास रोखून उभे. "थांब," ते म्हणायचे. "कोपरो दुमडलो. सोडव आधी." मी आईची क्रोशाची सुई घालून कोपरा सोडवायचे. परत चाक. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आईचा हात भरून आला तेव्हा तिने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला, एवढं आठवतं.

कागद आला. सही होती. नाव होतं. नंबर होता. पण त्या सगळ्यावर, तिरपा, ओल्या शाईचा, बाबांचा पासावरचा फोटो छापला गेला होता. जेवढी कॉपी निघाली ती दाखल्यावरच निघाली होती. दोन डोळे आणि कपाळ, टाइप केलेल्या अक्षरांवर.

बाबा टॉवेलच्या टोकाने पुसायला गेले. मी त्यांचा हात धरला. शाई ओली होती, पुसली असती तर सगळंच गेलं असतं. आम्ही तिघं तो कागद वाळेपर्यंत पंखा बंद करून घामाघूम होऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः खाली झेरॉक्सवाल्याकडे गेले. मी बरोबर होते. दोन तुकडे मागून चिकटपट्टीने जोडलेले, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, फाइल छातीशी धरलेली. झेरॉक्सवाल्याने हात पुढे केला तर बाबा म्हणाले, "मी ठेवू काचेवर?" त्याने बघितलं आणि बाजूला झाला. बाबांनी कागद ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. दोन मिनिटांचं काम.

अर्ज भरला. आता कागदपत्रं तपासायला बोलावतील, तेव्हा मूळ प्रती दाखवायच्या होत्या.

मधल्या दिवसांत, अर्जांची मुदत संपायच्या आधी, एका संध्याकाळी मी एकटीच घरी होते. शेवटच्या खोलीतले काका दारात आले. ते कधी आत येत नसत, त्या दिवशी आले. प्रिंटरकडे बघत म्हणाले, "पोरी, एक काम होतं. जमलं तर."

"बोला ना, काका."

"तुझ्या बाबाच्या दाखल्याचा फोटू असंल ना या मशीनमधी. नाव माझं घालायचं, नंबर माझा घालायचा. नंबर मला पाठ हाय." त्यांनी नंबर म्हणून दाखवला. "खोटं नाय काय. मी तिथंच व्हतो. तुझा बाप सांगंल. कागद तेवढा नाय."

ते खरं बोलत होते. ते तिथेच होते, बाबांच्या शेजारच्या मागावर. आणि मला ते जमलं असतं. दवाखान्यात मी रोज टाइप करायचे, तसंच पत्र बनवायला अर्धा तास लागला असता. पण पकडले गेलो तर त्यांचं काय, माझ्या नोकरीचं काय, बाबांच्या अर्जाचं काय, हे सगळं एकदम अंगावर आलं.

"काका, शाई संपलीय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग प्रिंटरकडे. त्यावरचा हिरवा दिवा चालू होता. "असू दे," ते म्हणाले आणि गेले. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही. नाही म्हणण्यापेक्षा ते शाईचं खोटं मला जास्त लागलं.

मी बाबांना सांगितलं. ते उठून गॅलरीत गेले, शेवटच्या खोलीकडे बघून आले. मग म्हणाले, "बरा केलंस," आणि थोड्या वेळाने, "बिचारो." दुसऱ्या दिवशी ते काकांना घेऊन अर्जाच्या केंद्रावर गेले. हा माझ्या शेजारी काम करायचा, मी लिहून देतो, असं सांगितलं. तसं लिहूनही दिलं. केंद्रावरच्या माणसांनी ते घेतलं आणि म्हणाले, याबरोबर गिरणीचा एक तरी कागद लागेल, त्याशिवाय अर्ज तपासणीला पुढे जाणारच नाही.

तपासणीला बोलावणं आलं तेव्हा मी रजा टाकून बाबांबरोबर गेले. लांब हॉल, टेबलांची रांग, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. बाबांसारखीच माणसं, गळ्याशी बटण लावलेले स्वच्छ शर्ट.

आमच्या टेबलावरच्या साहेबांनी पास बघितला, ठीक आहे म्हणाले. मग दाखला घेतला. उलटा केला. चिकटपट्टी बघितली. ट्यूबलाइटच्या उजेडात धरला.

"हा फोटो यावर कसा आला?"

मी सांगायला लागले. ते मधेच म्हणाले, "एक मिनिट. ही शाई नवीन आहे. मजकूर जुना आहे की तोही नवीन, ते मी कसं ठरवू?" आणि मग शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी प्रिंटर आहे का?"

मला त्या क्षणी काकांचा चेहरा दिसला, आणि जे मी केलंच नव्हतं त्याची शिक्षा समोर दिसायला लागली. नाही म्हणावं असं जिभेवर आलं होतं. बाबा माझ्याआधी बोलले.

"आहे, साहेब," ते म्हणाले, मालवणी सोडून, शाळेतल्यासारखं. "कागद बाहेर द्यायला मी घाबरत होतो, म्हणून मीच आणायला लावला. त्याच्यात हा गेला. तुम्ही मला साचेखात्याचं काही पण विचारा."

साहेबांनी खात्याचं काही विचारलं नाही. ते दुसऱ्या टेबलावर गेले, कोणाशी तरी बोलले, परत आले. "गिरणीचे हजेरीपट आमच्याकडे आलेत. त्यांच्याशी नंबर ताडून बघू. मूळ दाखला इथे ठेवून जावं लागेल."

इतकी वर्षं जी एक गोष्ट बाबांनी होऊ दिली नव्हती, ती हा माणूस मागत होता. मी त्यांच्या कोपराला हात लावला. ते टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. मागचा माणूस खाकरला.

"पोच द्या," बाबा म्हणाले.

"देतो ना."

"शिक्का मारून."

साहेबांनी पोच लिहिली, शिक्का मारला. बाबांनी ती दोनदा वाचली, मग मला वाचायला दिली, मगच हात टेबलावरून उचलला.

पुढचे चार महिने आमच्या घरात पोस्टमनच्या वेळेला कोणी बोलत नसे. बाबा पोच कपाटात ठेवत, काढून बघत, परत ठेवत. खोट्या कागदांवर पोलीस केस होते, असं कोणीतरी गॅलरीत म्हणालं आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. आमचा कागद खरा होता. तरी मलाही कधीकधी वाटायचं, आपण काहीतरी केलंय.

मग पत्र आलं. हजेरीपटात नंबर सापडला होता. बाबा पात्र. दाखला परत मिळाला, कोपऱ्यात लाल पेन्सिलीने कसलासा आकडा लिहिलेला. घर लागायला पुढे आणखी वर्षं गेली, आणि लागलं ते खाडीपलीकडे, जिथे बाबांना अजून करमत नाही. पण लागलं. काकांचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. त्यांची खोली मुलाने विकली आणि ते गावी गेले. जायच्या दिवशी ते आमच्याकडे चहा प्यायले, माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. मीच त्यांच्याकडे नीट बघू शकले नाही.

प्रिंटर मी त्यानंतर फारसा चालवला नाही. चाळीतले लोक आपापले कागद घेऊन यायचे, एक कॉपी काढून दे म्हणायचे. दुसऱ्यांचे मूळ कागद हातात घ्यायची मला भीती वाटायची. मी नाही म्हणत राहिले आणि माजलेली ठरले. शेवटी परळच्या एका दुरुस्तीवाल्याला तो सुट्या भागांसाठी देऊन टाकला.

परवा दवाखान्यातली नवी मुलगी मला विचारत होती, घरी एक प्रिंटर घेऊन ठेवावा का, मुलाच्या शाळेसाठी. मी तिला शाईचं सांगितलं, सुकते म्हणून. अडकणाऱ्या कागदांचं सांगितलं. महिन्याला चार पानं काढायची तर खालच्या दुकानात जा, म्हटलं. ती म्हणाली, "पण ताई, घरात असलेला बरा ना, कधीही लागतो."

"असतो बरा," मी म्हटलं. "फक्त मूळ कागद त्याच्या आसपास ठेवू नकोस."

ती हसली. तिला वाटलं, मी शाईच्या डागांबद्दल बोलतेय.